मॅटखाली जळकं ऑइल ओतायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

मागच्या रविवारी भांडुपला मामाकडे गेलो तर बिल्डिंगखाली त्याच्या पिकअपचे दोन्ही दरवाजे सताड उघडे, ड्रायव्हर सीट काढून वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवलेली आणि मामा हातात काळ्या ऑइलचा कॅन घेऊन उभा. म्हटलं मामा, हे काय चाललंय तुझं. तर त्याने मोबाईल पुढे केला. टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर आलेला तोच मेसेज, जो आता चार ठिकाणांहून मलाही आलाय, "गॅरेजवाले लुटतात, जुन्या पिकअपचं फ्लोअर घरीच नवीन करा".

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, त्यात असं आहे की जुनं विनाईल, म्हणजे केबिनच्या फ्लोअरवरची प्लास्टिकची मॅट, काढत बसू नका, त्याच्यावरच नवीन टाका, डबल लेयरने आवाज कमी होतो. टाकायच्या आधी खाली जळकं इंजिन ऑइल ओता, गंज कायमचा बंद. गाडीची शीट महाग पडते म्हणून घरात जमिनीवर टाकतात तो पीव्हीसीचा रोल आणा, माल तोच आहे. सगळीकडे डिंक फासून घट्ट चिकटवा. पाणी साचत असेल तर पत्र्याला ड्रिलने भोकं पाडा. आणि टाकायच्या आधी शीट उन्हात ठेवा. शेवटी हात जोडलेले आणि "प्रत्येक गाडीमालकापर्यंत पोचवा".

पोचलं. आमच्या मामापर्यंत पोचलं, आणि अर्धा कॅन ओतूनही झाला होता.

आधी त्या ऑइलचंच घेतो कारण डोकं तिथेच फिरलं माझं. जळकं ऑइल म्हणजे इंजिनमधून काढलेलं, त्यात काजळी असते, झिजलेल्या पार्टचा बारीक धातू असतो, न जळलेलं डिझेल असतं आणि जळण्यातून तयार झालेलं आम्लही असतं. म्हणजे गंज थांबवायला आपण पत्र्यावर आम्ल मिसळलेलं तेल ओततोय. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल सरळ पहिल्या परिशिष्टात आहे, आणि आपण ते जिथे दिवसाचे दहा तास काचा लावून बसतो तिथे पायाखाली ओततोय. उन्हात उभी असलेली गाडी उघडल्यावर येणारा तो वास म्हणजे तेच नाकात जातंय.

आता अर्धं खरं काय ते पण सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेलच की आमचे आजोबा लावायचे. हो, लावायचे. ट्रकच्या चासीला खालून, उघड्यावर, ब्रशने. तिथे तेलाचा थर पाणी थोडे दिवस लांब ठेवतो, धुऊन गेलं की परत लावायचं. पण केबिनच्या आत, मॅटच्या खाली, जिथे कारखान्यातून आलेला नमदा, म्हणजे मॅटखालचा जाड दाबलेला थर असतो तिथे ओतलं की तो नमदा तेल पितो आणि सोडत नाही. विनाईल स्वतः कडकच असतं, त्यात मऊपणासाठी जे मिसळलेलं असतं ते हे जळकं ऑइल हळूहळू ओढून घेतं, म्हणजे नवीन मॅट पण वर्षात कडक होऊन तडकणार. पत्र्यातल्या भोकांचे रबरी बूच फुगून ढिले होतात. तेल पेडलच्या रबराला लागलं की ब्रेकवरून पाय सटकणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो पत्रा आता कोणी वेल्डिंग करणार नाही.

हे मी मनाने सांगत नाही. आमच्या इथल्या डेंटरला बोलावलं, त्याने वाकून आत नुसता वास घेतला आणि हात वर केले. म्हणाला, याला वेल्डिंगची टॉर्च लावली तर गाडी पेटेल, आधी हे सगळं साफ करून आणा. दोन संध्याकाळी मी आणि मामाचा मुलगा लाकडाचा भुसा, साबण आणि कपडे धुवायचा ब्रश घेऊन ती केबिन घासत होतो. नखातलं काळं अजून गेलेलं नाही.

बरं, मामाने ऑइल ओतलं ते जुन्या मॅटच्या भोकातून. मेसेजमध्ये काढू नका असं आहे ना, मग काढायची कशाला. मी ती मॅट काढायला लावली, सीटचे बोल्ट, दारातल्या पट्ट्या, गिअरचं रबर सगळं सोडवून, आणि ती उचलली तेव्हा मामा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. क्लचच्या इथे टाच टेकते तिथे विनाईल झिजून भोक होतं, आधी रुपयाएवढं, मग वाटीएवढं, वर गोणपाट टाकून चाललं होतं. त्याच्याखालचा नमदा पिळला तर पाणी निघालं. चक्क पाणी, आणि गेले आठ दिवस पाऊस नाही. आणि त्याच्याखालचा पत्रा बिस्किटासारखा, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार, खालचा रस्ता दिसला.

का, तर ही गाडी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाते. मामा आणि त्याचा हेल्पर मासळीच्या क्रेट चढवतात आणि त्याच भिजलेल्या गमबुटांनी केबिनमध्ये चढतात. ते पाणी खारं. मीठ पत्र्यावर राहिलं की ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे तो नमदा मे महिन्यात पण पूर्ण सुकत नाही आणि पत्रा बारा महिने ओलाच. वरून मॅट बघितली तर एक भोक सोडून ठीकठाक. अशा मॅटवर दुसरी मॅट टाकायची म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. पुढच्या वर्षी मामाचा पाय रस्त्याला लागला असता, आरटीओच्या पासिंगला गाडी अडली असती ते वेगळंच.

आवाज कमी होतो हे खोटं नाही, जाडी वाढली की थोडा होणारच. पण ती जाडी पेडलच्या खाली पण येते हे लिहायला तो मेसेजवाला विसरला. जुनं विनाईल, फुगलेला नमदा, वर नवीन शीट, म्हणजे क्लच पूर्ण दाबला जात नाही, गिअर टाकताना कर्रर्र होणार, आणि कड उचलली गेली की ॲक्सिलरेटर त्यात अडकणार. हे घाबरवायला म्हणत नाही. २८ ऑगस्ट २००९ ला अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस ईएस ३५० भरधाव सुटली आणि चार जण गेले, सगळे एकाच घरातले. गाडी चालवणारा स्वतः तिथल्या हायवे पेट्रोलचा ऑफिसर होता, म्हणजे नवशिका नाही. तपासात निघालं की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मॅटचा आणि पेडलचा रिकॉल काढला. एका मॅटपायी. तिथे एवढं झालं आणि इथे आपण सांगतोय एकावर एक टाका, आवाज कमी येतो. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला की ती गाडी ऑटोमॅटिक असेल. असेल ना मामा, पण तुझ्या गाडीला ॲक्सिलरेटर नाहीये का?

घरातला पीव्हीसी रोल आणि गाडीची शीट, "माल तोच". प्लास्टिक तेच म्हणा फार तर. घरातली शीट सपाट जमिनीसाठी असते, गाडीत मधे गिअरबॉक्सवरचा उंचवटा आहे, तिथे ती दुमडते आणि दुमडली तिथेच आधी फाटते. ओल्या बुटाखाली गुळगुळीत होते ते वेगळं. पण खरा फरक आगीचा आहे. गाडीच्या आतल्या सामानाने किती वेगाने पेट घ्यावा याचा नियम असतो, अमेरिकेत एफएमव्हीएसएस ३०२ म्हणून तो १९७२ पासून लागू आहे, त्यात फ्लोअरचं आवरण नाव घेऊन लिहिलेलं आहे आणि ज्वाळा मिनिटाला ४ इंचांपेक्षा जास्त वेगाने पसरता कामा नये असं आहे. आपल्याकडेही यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. घरातला रोल विकणाऱ्याने ही टेस्ट कशाला करावी, त्याच्या जमिनीखालून वायरिंग जात नाही. बाजारात गाडीच्या शीटला फ्लोअर लॅमिनेशन म्हणतात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला विचारा, मॉडेल सांगितलं की मापाची मिळते, नाहीतर रोलमधून कापून देतात.

डिंकाचं लांबवत नाही. सुतारकामाचा पांढरा डिंक पाण्याने सुटतो, आणि पंक्चरवाल्याचं सोल्यूशन सगळीकडे फासलं तर पुढच्या वेळी मॅट उचलताच येत नाही, आणि इथे तर सगळा मुद्दा उचलून बघण्याचाच आहे. कडेला, दारातल्या पट्टीखाली दाबली आणि सीटच्या बोल्टने धरली की पुरे. लावायचंच असेल तर उंचवट्यावर थोडं, दरवाजे उघडे ठेवून, नाहीतर त्या वासाने गरगरतं.

ड्रिलवाल्याला मात्र मला प्रत्यक्ष भेटायचंय. अरे बाबा, पत्र्याखालून ब्रेकचा पाईप जातो, वायरिंग जातं, आणि तू वरून न बघता ड्रिल मारायला सांगतोस? शिवाय भोकाची कड म्हणजे रंग नसलेला उघडा पत्रा, गंज तिथूनच सुरू होणार, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जातं त्यातून जुलैमध्ये रस्त्याचं पाणी आत पण येतं. बऱ्याच गाड्यांना कंपनीने दिलेली भोकं असतातच, त्यांना रबरी बूच असतात, मॅट काढली की दिसतात, ते काढा, धुवा, सुकवा, परत लावा. मामाच्या गाडीतले दोन गायब होते आणि एका जागी कोणीतरी कापडाचा बोळा कोंबलेला.

त्याहीपेक्षा पाणी येतं कुठून ते शोधा ना. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाईपने आधी पुढच्या काचेवर, मग दरवाजांवर पाणी सोडायचं. आमच्याकडे काचेचं रबर कडक होऊन डाव्या कोपऱ्यातून धार येत होती आणि हेल्परच्या दरवाज्याच्या खालच्या भोकांत माती भरलेली, म्हणजे दरवाज्यात साठलेलं पाणी आत उतरत होतं. वीस मिनिटांत कळलं.

उन्हाचं तेवढं बरोबर आहे. शीट तासभर उन्हात पसरली की मऊ होते आणि उंचवट्यावर नीट बसते. सहा गोष्टींतली एक बरोबर, तीसुद्धा मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी.

परवा डेंटरने क्लचखालचा तेवढा पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड केला, बाकी ठिकाणी वायर ब्रश मारून आम्ही रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं केमिकल लावलं, सुकल्यावर रेड ऑक्साईडचा प्रायमर आणि वर काळा रंग. ते दोन दिवस पूर्ण सुकू दिलं. येत्या रविवारी शीट कापायची. त्यासाठी जुनी मॅट आम्ही न फाडता अख्खी काढली होती, ती धुऊन गच्चीवर सपाट पसरलीय, कारण नवीन शीट तिच्यावर ठेवूनच कापायची, चारही बाजूंनी बोटभर जास्त ठेवून, आणि बोल्टची भोकं आधी अजिबात न पाडता, शीट मधून कडेकडे बसवत नेली की मग खालचं भोक बोटाने चाचपून छोटी पाडायची. मामीचा त्या जुन्या मॅटवर डोळा आहे, वॉशिंग मशीनखाली टाकायला. तिला सांगितलंय, रविवार संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.