एक अब्ज डॉलरचा आकडा आणि कॅनडातील थांबलेल्या मालगाड्या

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनडातील मालगाड्या थांबल्या, तेव्हापासून एक दावा सतत पुढे पाठवला जातो: 'रेल्वे कामगारांनी संप करून देशाचे रोज एक अब्ज डॉलरचे नुकसान केले; माल ट्रकने वळवता आला म्हणून थोडक्यात निभावले आणि चार दिवसांत सारे पूर्ववत झाले.' यातील एकही विधान तपासणीत जसेच्या तसे टिकत नाही.

पहिला मुद्दा जबाबदारीचा. २२ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर लगेच 'सीएन' आणि 'सीपीकेसी' या कॅनडातील दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून सुमारे ९,३०० कर्मचाऱ्यांवर टाळेबंदी लागू केली, म्हणजे त्यांना कामावरच येऊ दिले नाही. सीपीकेसीत कामगार संघटनेनेही संपाची नोटीस दिली होती, त्यामुळे तेथे संप आणि टाळेबंदी एकाच वेळी होती. सीएनमध्ये मात्र काम थांबले ते कंपनीच्या टाळेबंदीमुळे. वाद विश्रांतीचे तास, कामाच्या पाळ्या आणि कामगारांना दूरच्या प्रांतात हलवण्याची तरतूद यांविषयी होता. हे सारे 'कामगारांचा संप' या दोन शब्दांत गुंडाळणे अन्यायाचे आहे.

एक अब्ज डॉलरचा आकडा खोटा नाही. त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. कॅनडाच्या रेल्वेमार्गांवरून वर्षाला सुमारे ३८० अब्ज कॅनेडियन डॉलरचा माल जातो, म्हणजे रोज एक अब्जाहून थोडा अधिक. हे वाहून नेलेल्या मालाचे मूल्य आहे, बुडालेले उत्पन्न नव्हे. कोठारात थांबलेला गहू आठवड्याने विकला जातो आणि त्याची किंमत शून्य होत नाही. मूडीज या पतमानांकन संस्थेने संभाव्य नुकसान दिवसाला ३४ कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास असेल असा अंदाज त्या वेळी वर्तवला होता, म्हणजे फिरत्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश. खरे नुकसान पुढे ढकलता न येणाऱ्या गोष्टींत होते: नाशवंत माल, बंदराबाहेर ताटकळणाऱ्या जहाजांचे विलंबशुल्क, कच्च्या मालाअभावी थांबलेला कारखाना आणि तेथील बुडालेली मजुरी.

ट्रकचा पर्याय तर साध्या हिशेबातच कोसळतो. धान्याच्या एका वाघिणीत सुमारे ९० टन माल मावतो, तेव्हा शंभर वाघिणींची एक गाडी ९,००० टन नेते. मोठ्या ट्रकमध्ये ४० टनांच्या आसपास माल धरला, तरी एका गाडीसाठी सव्वादोनशे ट्रक आणि तितकेच चालक हवेत. सस्कॅचेवान प्रांतातील पोटॅश या खतद्रव्याच्या खाणींपासून व्हँकुव्हर बंदर दीड हजार किलोमीटरहून दूर आहे आणि वाटेत रॉकी पर्वत आडवा येतो. शिवाय क्लोरीनसारखी घातक रसायने कोणत्याही ट्रकवर सहज चढवता येत नाहीत. सीमेपलीकडचे रूळ मोकळे होते हे खरे. सीपीकेसीच्या अमेरिका आणि मेक्सिकोतील गाड्या धावत राहिल्या. परंतु अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी कॅनडाकडे जाणारा माल स्वीकारण्यावर आधीच निर्बंध घातले, कारण सीमेवर ताबा घेणारे कोणी नसेल तर भरलेल्या वाघिणी त्यांच्याच यार्डात तुंबतात.

राहिला चार दिवसांचा मुद्दा. मजूरमंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी २२ ऑगस्टलाच कामगार संहितेच्या, मंत्र्याला अशा वादात हस्तक्षेप करू देणाऱ्या कलम १०७ चा आधार घेतला, २४ तारखेला औद्योगिक संबंध मंडळाने काम सुरू करण्याचा आणि बंधनकारक लवादाचा आदेश दिला, आणि सीपीकेसीच्या गाड्या २६ तारखेला निघाल्या. पण शीतपेट्यांतील आणि धोकादायक मालाचे आरक्षण कंपन्यांनी टाळेबंदीच्या कितीतरी दिवस आधीच थांबवले होते, आणि गाड्या निघाल्यानंतरही रिकाम्या वाघिणी योग्य जागी परतेपर्यंत बंदरांवरील साठा हलत नाही. ऑगस्टअखेर हा प्रेअरी म्हणजे धान्य पिकवणाऱ्या मैदानी प्रांतांतील सुगीचा आरंभ असतो. कोठारे रिकामी झाली नाहीत, तर शेतकऱ्याला नवे पीक ठेवायला जागा उरत नाही.

आपल्याकडेही हा परिणाम केवळ बातमीपुरता नसतो. भारत आपले पोटॅश जवळजवळ सर्वस्वी आयात करतो आणि कॅनडा हा त्याचा एक प्रमुख पुरवठादार आहे; आयात होणाऱ्या मसुराचाही मोठा वाटा त्याच देशातून येतो. उसाला किंवा द्राक्षबागेला पोटॅश देणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी चार दिवसांचा खोळंबा लगेच पोहोचत नाही, कारण आयातदारांकडे साठा असतो. टाळेबंदी महिनाभर लांबली असती, तर मात्र त्या साठ्यानेही फार काळ साथ दिली नसती.