फटी कुठे बुजवायच्या आणि वारा कुठे खेळू द्यायचा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पोटमाळ्याच्या इन्सुलेशनवरील, म्हणजे घरातली ऊब अडवणाऱ्या थरावरील, माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. “आधी फटी बुजवा, मग सेल्युलोज भरा, हा सल्ला कंत्राटदाराच्या पत्रकावरून उतरवलेला दिसतो, घराला श्वास घेऊ द्यावा लागतो, हे आमच्या कोकणातल्या कौलारू घरांना कळत होते,” असे आपण म्हणता. शिवाय सेल्युलोज, म्हणजे इन्सुलेशनसाठी भरतात तो कागदाचा भुगा, ही निव्वळ रद्दी असून ती पेट घेते, आणि घर तापवण्याच्या गॅसच्या बिलात किती फरक पडला हे मी लपवले, असेही आपण सुनावले आहे. मतभेदाला माझी ना नाही; परंतु तोंडाला मास्क बांधून, तुळयांवर गुडघे टेकत ज्याने हे काम स्वतः केले, त्याच्या लेखनाला ‘उतरवलेले’ म्हणण्यापूर्वी एखादा प्रश्न विचारण्याचे सौजन्य आपण दाखवायला हरकत नव्हती.

कोकणाचा दाखला निदान मला तरी नको. माझे बालपण गुहागरजवळच्या कौलारू घरात गेले असून मिरगाआधी वडिलांच्या हाताखाली फुटकी कौले मी बदलली आहेत. त्या घरात आतल्या आणि बाहेरच्या हवेत फारसा फरकच नसे. इथे अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसला जानेवारीत बाहेर उणे 25 अंश सेल्सिअस आणि घरात 20 अंश अशी स्थिती येते, तेव्हा वर चढणारी ऊबदार हवा छतातील दिव्यांच्या खोबणींतून, वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून आणि पाइपांभोवतीच्या जागेतून माळ्यात घुसते व आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ सोबत नेते. ही वाफ छपराच्या फळ्यांतून खाली डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर गोठते आणि ऊन पडले की इन्सुलेशनवर ठिबकू लागते. आमच्या माळ्यावरचे जुने फायबरग्लास, म्हणजे काचतंतूंचे इन्सुलेशन, मी उचलले, तेव्हा ते एरवी पिवळे, पण नळांभोवती मात्र काळेकुट्ट निघाले. तो उंदरांचा उद्योग नव्हता; वर्षानुवर्षे तिथून जाणाऱ्या हवेतील धूळ त्यात गाळली गेली होती. फायबरग्लास धूळ अडवते, हवा अडवत नाही, आणि म्हणूनच फटी आधी बुजवायच्या.

आता आपला ‘श्वास’. छपराखाली वारा खेळायलाच हवा, हे मीही लिहिले होते. आपण तो परिच्छेद बहुधा ओलांडून गेलात. वळचणीखालच्या झडपांतून थंड हवा आत यावी, इन्सुलेशनच्या वरून वाहावी आणि आढ्याजवळून बाहेर पडावी, म्हणून तर प्रत्येक वाशाजवळ बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणारे पन्हाळे, बसवायचे असतात. बुजवायच्या फटी आहेत त्या इन्सुलेशनच्या खाली, खोलीच्या छतात. त्या तशाच ठेवल्या तर त्यांतून निसटलेल्या उबेने तापलेल्या छपरावरील बर्फ वितळतो, पन्हळीपाशी पुन्हा गोठतो, आणि त्यामागे तुंबलेले पाणी शिंगल्सखालून, म्हणजे छपरावरच्या आवरणपट्ट्यांखालून, घरात उतरते. याला आपण श्वास म्हणत असाल, तर म्हणा बापडे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. आर-60 साठी (‘आर’ हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे 17 इंच सेल्युलोज लागते असे मी लिहिले, तेव्हा ही जाडी थर दबून खाली बसल्यानंतरची आहे, हे स्पष्ट करायला हवे होते. भरताना थर त्याहून जाड ठेवावा लागतो.

रद्दीबद्दल इतकेच, की त्या कागदात ज्वलनरोधक म्हणून बोरेटचे क्षार मिसळलेले असतात. ही माहिती पिशवीवरच छापलेली असते. गॅसची बिले मी मांडणार नाही. एक हिवाळा दुसऱ्यासारखा नसतो आणि माझ्या घराचा हिशेब मी इथे देणे लागत नाही.

त्याऐवजी आपण आपल्या घरी हवागळती शोधणारी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्यावी. दारात बसवलेला पंखा आत-बाहेर 50 पास्कलचा दाबफरक धरून घरातली हवा बाहेर ओढत असताना न्हाणीघराच्या छतातील दिव्याजवळ हात धरावा, माळ्यावरची हवा बोटांना लागते की नाही ते पाहावे आणि मग पत्रकाविषयी मला खुशाल लिहावे.