मेंदूचा ऑक्सिजन ६५ आला म्हणून पॅरालिसिस होत नसतो

लातूर, नांदेड, बीड, जिकडं बघाल तिकडच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरायलाय. साठीच्या पुढच्यांनी कपाळाला पट्टी लावून मेंदूचा ऑक्सिजन चेक करावा, ९० च्या खाली आला तर पॅरालिसिसचा धोका, मशीन कुठल्याही कंपनीचं चालतं, पाच मिनिटांत मेंदूचा पूर्ण रिपोर्ट. आता एकेक घेऊ.

९० चा आकडा आला कुठून? बोटाच्या ऑक्सिमीटरवरून उचललाय, दुसरं काय. ते मशीन नाडीबरोबर उसळणारं धमनीतलं रक्तच तेवढं पकडतं म्हणून ९५-९८ दाखवतं. कपाळाची पट्टी इन्फ्रारेडच्या जवळपासचा प्रकाश आत सोडून खालचं सगळंच रक्त मोजते आणि त्यात जास्त वाटा शिरांमधल्या रक्ताचा, म्हणजे मेंदूनं ऑक्सिजन काढून घेतल्यावर परत निघालेल्या रक्ताचा. मग ६०-७५ येणारच की! धडधाकट माणसाचाही तेवढाच येतो, उगं म्हाताऱ्या माणसांना कामून भ्या दाखवायलेत.

कुठल्याही कंपनीचं चालतं, हे तर सगळ्यात चुकीचं. इनव्हॉस नावाचं मशीन धरून चालतं की रक्त २५ टक्के धमनीचं न् ७५ टक्के शिरेचं, फोरसाइट नावाचं दुसरं मशीन धरतं ३० आणि ७०. कुणी प्रकाशाच्या दोन लहरी वापरतं, कुणी चार-पाच, आकडेमोड ज्याची त्याची आणि ती कंपन्या काही उघड करून सांगत नाहीत, त्यामुळं एकावर ६३ आणि दुसऱ्यावर ७० आलं तर तब्येत सुधारली असं नाही, मशीन बदललं एवढंच. त्यात कातडीचं रक्त मधी येतं ते वेगळंच. २०१२ मध्ये निरोगी माणसांच्या डोक्याला फुगवायचा पट्टा आवळून फक्त कातडीचं रक्त अडवून बघितलं, तर इनव्हॉस, इक्वानॉक्स, फोरसाइट तिन्ही मशीनचे आकडे पडले, इनव्हॉसचा सगळ्यात जास्त, इक्वानॉक्सचा सगळ्यात कमी. पट्टा तर कवटीच्या बाहेरच होता ना.

पूर्ण रिपोर्ट म्हणे! पट्टी कपाळामागचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग बघते, मागच्या बाजूला गुठळी अडकली तर तिला पत्ताबी लागत नाही. आणि १९९६ चा एक अभ्यास आहे, त्यात मेलेल्या माणसांच्या डोक्यावर हेच मोजलं, तर जवळपास एक तृतीयांश जणांचा आकडा जिवंत, निरोगी माणसांतल्या सगळ्यात कमी आकड्याच्या वर निघाला.

मशीन भंगार आहे असं नाही बरं का. बायपासच्या ऑपरेशनला भूल द्यायच्या आधीच पट्टी लावतात, पेशंटचा स्वतःचा आकडा लिहून घेतात आणि तो वीसेक टक्क्यांनी पडला की भूलतज्ज्ञ बीपी, हिमोग्लोबिन, कार्बन डायऑक्साइड बघायला लागतात. सगळा खेळ त्याच माणसाच्या, त्याच मशीनवरच्या चढउताराचा. कॅम्पात पाच मिनिटं पट्टी चिकटवून आलेला आकडा कशाशी ताडून बघणार?