भामरागडला इमारती पुरे झाल्या, आता हिशेबनीस द्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात गावं शंभराहून जास्त आणि ग्रामपंचायती वीसेक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास. म्हणजे एका गटग्रामपंचायतीत सरासरी पाच-सहा गावं, आणि दोन गावांच्या मध्ये जंगल, नाला, कुठे डोंगर. सदस्यांची संख्या कायद्याने लोकसंख्येवर ठरते. दीड हजारापर्यंत ७ सदस्य. पंधरा-वीस घरांच्या माडिया आदिवासी गावाच्या वाट्याला त्यातला एक येईलच याची खात्री नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं ठिकाणच बाहेरच्या जगापासून तुटतं, मग लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याकडच्या गावांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. तिकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांचं रेशन आधीच पोचवून ठेवावं लागतं.

दर वेळी एकच प्रश्न येतो: "एवढा निधी जातो, मग दिसत का नाही?" भ्रष्टाचार हे सोपं उत्तर आहे, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. पण माझं म्हणणं वेगळं आहे. दुर्गम भागात खरं एकक ग्रामपंचायत नाही, गाव आहे. कायद्याने गावाला अधिकार दिलेत, पण ते वापरायला लागणारी कागदपत्रं, खातं आणि हिशेब सांभाळणारा माणूस दिलेला नाही. अधिकार अडतो तो तिथे.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या नियमांनुसार एखादा टोला किंवा पाडा स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो. निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा, तिथून तो पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पहिली ठेच मतदारयादीला लागते. यादी मतदान केंद्राप्रमाणे असते, टोल्याप्रमाणे नाही. कोण कुठल्या टोल्याचं हे गावालाच माहीत, कागदाला नाही. तेव्हा ठरावाआधी यादीतली नावं घरोघरी ताडून टोल्याची वेगळी यादी करा, मयत आणि स्थलांतरित नावांवर खूण करा, आणि तिच्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्या. दुसरी ठेच पोच न घेतल्याची. प्रस्ताव हाताने दिला, शिक्का-तारखेची पोच घेतली नाही, की सहा महिन्यांनी "आमच्याकडे काही आलंच नाही" हे ऐकायची तयारी ठेवायची.

मग कोष, म्हणजे ग्रामसभेचा स्वतःचा निधी. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचे, हा अबंध निधी २०१५ पासून सुरू झाला. तो गावांच्या लोकसंख्येप्रमाणे प्रत्येक ग्रामसभेच्या कोषात गेला पाहिजे. पण गावाचं खातंच नसेल तर? पैसा गटग्रामपंचायतीच्या खात्यात पडून राहतो आणि मग तो खर्चायला मोठ्या गावातला रस्ता किंवा सभामंडप सुचतो. लहान गावाच्या वाट्याचा पैसा कुणी चोरलेला नसतो, तो फक्त दुसऱ्या गावात खर्च झालेला असतो. खातं उघडायला कोष समितीचा ठराव, सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रं आणि ग्रामसभेच्या नावाचा पॅन लागतो. आधारवरचं नाव, मतदारयादीतलं नाव आणि बँकेत सांगितलेलं नाव तीन तऱ्हेचं असतं, विशेषतः बायकांचं; आणि फेऱ्या तिथेच वाढतात. सही करणारा बदलला तर नवा ठराव बँकेत द्यायचा असतो. हे विसरलं की ऐन हंगामात पैसे निघत नाहीत.

ग्रामसभेच्या तारखांबद्दलही बोलायला हवं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली १ मे म्हणजे तेंदूपानाची ऐन तोडणी. अख्खं गाव पहाटेपासून जंगलात. १५ ऑगस्ट म्हणजे रोवणी आणि पूर. ज्याने हा कॅलेंडर आखला त्याने धानाची बांधी पाहिलेली नसावी. सर्वसाधारण ग्रामसभेला त्यामानाने थोडे मतदार चालतात, म्हणून रजिस्टर भरून जातं. पण वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरचा गावाचा हक्क कायद्याने मिळवण्याच्या कामाला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. तिथे रजिस्टर "भरून" चालत नाही; पुढे दावा अडला की पहिलं कारण गणपूर्तीचं, म्हणजे अपुऱ्या हजेरीचंच दिलं जातं. गावाने आपल्या सोयीची संध्याकाळ ठरवून गोटुलात, गावाच्या सामाईक बैठकीच्या जागी बसावं, याला कायद्याची आडकाठी नाही. बोलणं माडियात होतं, ठराव मराठीत लिहिला जातो. म्हणून ठराव तिथल्या तिथे वाचून, माडियात सांगून, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून मगच सह्या. कोऱ्या पानावर सह्या घेऊन "मजकूर नंतर लिहितो" म्हणणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याला रजिस्टर देऊ नये.

गावाच्या सामूहिक वनसंसाधनावरच्या हक्काचा दावा म्हणजे वनहक्क कायद्यातला नमुना 'क'. गडचिरोली जिल्हा यात देशात पुढे आहे, हजाराहून जास्त गावांना हक्क मिळालेत. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बायका. पुरावे किमान दोन: निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराची जुनी नोंद), जुने नकाशे, म्हाताऱ्यांचे जबाब, देवस्थानं, मसणवट्या. खरा घोळ सीमेवर होतो. शेजारच्या गावाला लेखी कळवून, दोन्ही गावांचे लोक एकत्र फिरून हद्द नक्की केली नाही, तर एकाच कक्ष क्रमांकावर (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेल्या क्रमांकावर) दोन दावे उभे राहतात आणि दोन्ही लटकतात. पट्टा हातात आला की आधी तीन गोष्टी वाचा: नाव ग्रामसभेचंच आहे का, कक्ष क्रमांक आणि क्षेत्र मागितल्याप्रमाणे आहे का, आणि कायद्यात नसलेल्या अटी घुसवल्यात का. चूक असेल तर लगेच ठरावाने हरकत द्या. फ्रेम करून भिंतीवर टांगला की ती तशीच राहते.

आता तेंदूपान, कारण गावात रोख पैसा येतो तो इथून. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी झाली की साधारण दीड महिन्याने कोवळं, तोडणीजोगं पान येतं. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक गोणी. गावाने २०० गोण्या जमवल्या तर २ लाख पुडे, म्हणजे १ कोटी ४० लाख पानं; एकेक हाताने तोडलेली, मोजलेली, बांधलेली. पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी उन्हात पसरायचे, उलटायचे, वाळल्यावर बोद (मोठी पोती) भरायचे. वाळत असताना अवकाळी पाऊस आला की पान काळं पडतं आणि भाव पडतो. हे नुकसान कुणाचं, हे करारनाम्यात आधीच लिहिलेलं हवं. बहुतेक करारात ते नसतं, आणि मग वादात ठेकेदाराचंच खरं ठरतं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा या पानावर १८ टक्के कर बसला आणि पुढच्या हंगामात ग्रामसभांना मिळणारे दर कोसळले. दिल्लीतल्या एका आकड्याने बिनागुंड्यापर्यंत घरं हलतात, ती अशी.

ग्रामसभा स्वतः लिलाव करतात ही फार मोठी गोष्ट आहे, पण फसगत ठरलेल्या जागी होते. तोडणीची मजुरी वेळेवर मिळते, कारण ती नाही दिली तर लोक पान आणणारच नाहीत. रॉयल्टी, म्हणजे पानाबद्दल गावाला मिळायची रक्कम, मात्र "माल विकला की देतो" या बोलीवर राहते. माल एकदा गोदामात गेला की गावाच्या हातात काही उरत नाही. उपाय ग्रामसभेच्याच हातात आहे: वाहतूक परवाना. अनामत रक्कम आधी, रॉयल्टीचे हप्ते तारखेसह, आणि हप्ता खात्यात जमा झाल्याचं पासबुकावर दिसल्याशिवाय पुढच्या गाडीचा परवाना नाही. चेक दाखवला म्हणून गाडी सोडायची नाही. फळीवर रोजच्या आवकेच्या दोन वह्या, एक मुन्शीची (ठेकेदाराच्या कारकुनाची), एक गावाची, आणि संध्याकाळी दोन्ही ताडून सह्या. एकट्या लहान गावाला मोठा खरेदीदार विचारत नाही, म्हणून शेजारच्या गावांनी मिळून निविदा काढावी. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधून हा मार्ग दाखवलाय.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचं नाव सगळेच घेतात. २००९ साली १८०० हेक्टर जंगलावर हक्क, २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती, "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा. घोषणा टी-शर्टवर गेली, पण तिच्यामागचा अभ्यासगट आणि सर्वसहमती होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसण्याची चिकाटी मात्र कुणी उचलली नाही. वेळ लागतो, हीच त्यातली मुख्य गोष्ट.

आणि म्हणून मागणी. एका गटग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी एक, बहुतेकदा त्याच्याकडे दुसऱ्या पंचायतीचाही कार्यभार, ग्रामसभांच्या मदतीला नेमलेला पेसा मोबिलायझर एक आणि त्याचं मानधन तुटपुंजं. पाच-सहा गावांच्या पाच-सहा वह्या, खाती, लेखापरीक्षण हे दोघं सांभाळू शकत नाहीत. दर आठ-दहा ग्रामसभांमागे एक पगारी हिशेबनीस द्या: माडिया बोलणारा, बारावी झालेला, त्याच भागातला. पगार आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडून, पण कामाचा दाखला ग्रामसभेकडून. ग्रामसभेने दाखला दिला नाही तर पगार निघणार नाही. काम ठरलेलं: महिन्यातून एकदा प्रत्येक गावात रोकडवही, पासबुक आणि ठरावबुक समोरासमोर ताडायचं, ते लोकांपुढे वाचायचं आणि मार्चअखेर लेखापरीक्षणाची फाईल तयार ठेवायची. नेमणूक जानेवारीच्या आत झाली पाहिजे, कारण फेब्रुवारीत खुटकटाई सुरू होते आणि तेंदूचे करार त्याच सुमारास होतात.