बक्षीस झालेल्या कामाला की अडलेल्या?

साहित्य संमेलन जवळ आलं की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो: सरकारी अनुदान घ्यावं का, आणि घेतलं तर मिंधेपण येतं का. इंग्लंडात बसून हे वाचताना जाणवतं की पैसा कुणाचा यावर आपण तावातावाने बोलतो, तो कशासाठी द्यायचा यावर मात्र फारसं बोलत नाही.

इथल्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फालमथ गावी, १८३३ साली ‘कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटी’ निघाली. कल्पना फॉक्स या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) घराण्यातल्या ॲना मारिया आणि कॅरोलाइन या बहिणींची. दोघीही विशीच्या आतल्या. घराण्याच्या लोखंडी ओतकारखान्यातले कामगार डोकं लढवून काहीबाही करून आणत, त्याला दाद मिळावी एवढाच सुरुवातीचा हेतू. दोनच वर्षांत राजाश्रय मिळाला आणि नावाला ‘रॉयल’ जोडलं गेलं. वार्षिक प्रदर्शनात चित्रं आणि यंत्रांचे नमुने एकाच छताखाली मांडले जात.

पण संस्थेचं खरं वेगळेपण तिच्या बक्षिसांत होतं. कथील-तांब्याच्या खाणी तेव्हा हजार-दीड हजार फूट खोल गेल्या होत्या. पाळी संपली की दमलेला कामगार तासभर शिड्या चढून वर यायचा. छातीची दुखणी ठरलेली. १८३४ मध्ये संस्थेने यावरच्या उपायासाठी बक्षीस जाहीर केलं. मायकेल लोम या अभियंत्याचा आराखडा निवडला गेला, तरी ट्रेसाव्हिअन खाणीत यंत्र बसायला १८४२ उजाडलं. आराखडा कागदावर तयार होता. खर्च करायला खाणमालक तयार होईनात.

यंत्र कसं, तर शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत, वर-खाली होणारा लांबच लांब लाकडी दांडा. दर बारा फुटांवर त्याला एक पायरी आणि तेवढ्याच अंतरावर शाफ्टच्या भिंतीला फळी. दांडा वर गेला की माणूस फळीवर उतरायचा, दांडा खाली आला की पुढच्या पायरीवर चढायचा. मिनिटाला चार फेऱ्या धरल्या तर १,६०० फूट चढायला साधारण ३३ मिनिटं. जर्मनीतल्या हार्झच्या खाणींत ही युक्ती आधीच होती. तिची नक्कल करण्यात संस्थेला कमीपणा वाटला नाही, हे मला विशेष वाटतं.

धोका वरच्या टोकाला होता, कारण सगळा भार एका सांध्यावर. २० ऑक्टोबर १९१९ रोजी कॉर्नवॉलमधल्याच लेव्हंट खाणीत दांडा आणि इंजिनाची तुळई जोडणारा लोखंडी भाग तुटला. ३१ माणसं गेली.

संस्थेची गादीही अढळ नव्हती. २०१० मध्ये आर्थिक डबघाईमुळे कारभार प्रशासकांकडे गेला. तिची चर्च स्ट्रीटवरची इमारत आज ‘द पॉली’ नावाने चित्रपट आणि प्रदर्शनं चालवते. तेव्हा इंग्रजांना संस्था टिकवता येतात आणि आपल्याला नाही, हे रडगाणं इथे लागू नाही.

शिवाय अडलेल्या कामाला बक्षीस लावण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा, असा अर्ज लोकहितवादींसारख्यांनी केला, आणि १८५१ च्या सुमारास मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. पुढे आपले पुरस्कार शाल-श्रीफळाकडे, म्हणजे झालेल्या कामाकडे वळले.

आज एखाद्या मराठी संस्थेने अडलेलं काम म्हणून मोडीचं वाचन घ्यावं: हाताने लिहिलेला मोडी कागद देवनागरीत उतरवणारी संगणक प्रणाली. वेगवेगळ्या हातची हजार पानं. निम्मी स्पर्धकांना सरावासाठी, निम्मी परीक्षणासाठी गुलदस्त्यात. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नेमकं काय चूक धरायचं हे नियमांत आधी लिहावं लागेल. बक्षिसाची निम्मी रक्कम निकालाच्या दिवशी द्यावी आणि उरलेली एखाद्या दफ्तरखान्याने ती प्रणाली वर्षभर वापरल्यावर. नाहीतर लोमचा आराखडा जसा वर्षानुवर्षं अडून राहिला, तसंच होईल.