ऑफाच्या दिनारवर कलमा आहे, पण त्यावरून ऑफा मुसलमान ठरत नाही

सोन्याच्या एका नाण्याचा फोटो वरचेवर फिरत असतो. नाण्यावर अरबीत कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेची घोषणा, आणि मध्ये रोमन लिपीत ‘ऑफा रेक्स’, म्हणजे राजा ऑफा. सोबतचा दावा असा: इंग्लंडचा हा राजा आठव्या शतकात मुसलमान झाला होता, आणि चर्चने ती गोष्ट दडपली. नाणं अस्सल आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ते दाखवायला आधी नाणंच पुरेसं आहे.

‘नाण्यावर कलमा आहे.’ आहेच. पण अरबी मजकूर सुलट दिसेल असं नाणं धरा, की ‘ऑफा रेक्स’ उलटं होतं. राजाचं नाव सुलट करा, की कलमा डोक्यावर उभा राहतो. ठसा कोरणाऱ्याला अरबी अक्षरं म्हणजे नुसती नक्षी होती. समोर ठेवलेल्या दिनारवरून, म्हणजे अरबी सोन्याच्या नाण्यावरून, त्याने ती उतरवली आणि ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ या ओळींच्या मधल्या जागेत राजाचं नाव बसवलं. अक्षरांत चुकाही राहिल्या. ज्याची या शब्दांवर श्रद्धा आहे, तो ते डोक्यावर उभे करील का?

कडेचा मजकूर तर आणखी बोलका आहे. तिथे हिजरी 157, म्हणजे इसवी सन 773-74, हे वर्ष आहे. ते बगदादच्या खलिफा अल-मन्सूरच्या दिनारवरचं वर्ष, जसंच्या तसं नकललेलं. अब्बासी दिनारचं वजन साधारण सव्वाचार ग्रॅम, आणि या नाण्याचंही तेवढंच. भूमध्य समुद्राच्या व्यापारात सोनं म्हटलं की लोक याच दिनारवर भरवसा ठेवत, म्हणून रूपही त्याचंच घेतलं.

असं इतरत्रही झालं आहे. धर्मयुद्धांत पश्चिम आशियात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती क्रुसेडर राज्यांनी इस्लामी मजकुराची सोन्याची नाणी पाडली; पोपच्या प्रतिनिधीने 1250 च्या सुमारास हरकत घेतल्यावर मजकूर बदलला. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचे जे रुपये पाडले, त्यांवर फारसीत ‘मुहम्मदाच्या धर्माचा रक्षक’ असं त्याचं बिरुद आहे. त्यावरून कंपनीला कुणी मुसलमान म्हणत नाही.

‘तो छुपा मुसलमान होता.’ ऑफा 757 ते 796 या काळात मर्सियाचा, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या एका राज्याचा, राजा होता. (अख्ख्या इंग्लंडचा नव्हे; नॉर्थम्ब्रिया आणि वेसेक्सला स्वतःचे राजे होते.) त्याच्या रोजच्या चलनात चांदीच्या पेनी होत्या आणि त्यांतल्या कित्येकांवर क्रॉस आहे. 787 मध्ये त्याने आपला मुलगा एकफ्रिथ याचा हयातीतच राज्याभिषेक करवला, तोही ख्रिस्ती विधीने. 796 मध्ये फ्रँक लोकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेनने ऑफाला ‘बंधू’ म्हणून पत्र लिहिलं. सोबत एक पट्टा, एक तलवार आणि दोन रेशमी वस्त्रं पाठवली. दिवंगत पोप हेड्रियनसाठी प्रार्थना व्हाव्यात, अशी विनंतीही त्याने केली होती. ती विनंती कोणत्या राजाला करतात, हे सांगायला नको.

‘चर्चने त्याला दूर केलं.’ घडलं नेमकं उलट. 786 मध्ये पोपचे प्रतिनिधी इंग्लंडला आले तेव्हा ऑफाने त्यांचं स्वागत केलं. पुढच्याच वर्षी कँटरबरीच्या आर्चबिशपचा धर्मप्रांत तोडून त्याने आपल्या राज्यातल्या लिचफील्डला आर्चबिशपचं पीठ मिळवलं, आणि ते रोमच्या मान्यतेने. ऑफाच्या मृत्यूनंतर पोप लिओ तिसरा याने मर्सियाचा राजा केनवुल्फ याला जे पत्र लिहिलं, त्यात ऑफाच्या नवसाचा उल्लेख आहे: गरिबांसाठी आणि चर्चमधल्या दिव्यांसाठी रोमला दरवर्षी 365 मँकस, म्हणजे दिवसाला एक. एक मँकस म्हणजे तीस चांदीच्या पेनी. वर्षाचा हिशेब 10,950 पेनींचा.