वारा समोरून, तरी शिडं फुगलेलीच!

समुद्री गेम म्हणून एवढं मोठं धूड डाउनलोड करायचं आणि आत समुद्रच नाही? वारा थेट समोरून, तरी चौकोनी शिडांचं जहाज नाकासमोर सुसाट! अरे, तसलं जहाज वाऱ्याच्या साधारण 60 अंशांपेक्षा जवळ जाऊच शकत नाही. नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या दिशेने चढावं लागतं. खरी मजा तीच, आणि तीच काढून टाकली. मग उरतं काय? लाकूड गोळा करा, तोफ एक लेव्हल वाढवा, परत लाकूड. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की गलबतं वल्ही मारत जड गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढून न्यायची. इथे वारा पडतच नाही मुळी.

लढाईचं तर विचारूच नका. सर्व्हर फ्रँकफर्टला, तोफ डागायची नाशिकच्या सिडकोतून. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 13 हजार किलोमीटर धरले तरी 65 मिलिसेकंद तिथेच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. या उशिरामुळे गोळा समोरच्याच्या सुकाणूवर फुटताना दिसतो, नुकसान शून्य! वर सल्ला मिळतो, ‘प्लॅन वाढवा’. 300 एमबीपीएस घेतल्याने जर्मनी जवळ येते का?

त्यात पावसाची सर आली की लाइट गायब. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, हे कोणी सांगत नाही. लॅपटॉप चालू, नेट बंद, आणि जहाज भर समुद्रात बेवारस. या, लुटा!